लंकेचा पत्ता

रावणाची लंका कुठे, असं विचारलं की आपलं बोट नकाशावर रामेश्वरच्या पलीकडे जातं. जुन्या ग्रंथकारांचं मात्र तसं नव्हतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दक्षिणेकडच्या प्रदेशांची यादी आहे. तीत लंका आणि सिंहल, म्हणजे आजची श्रीलंका, ही नावं वेगवेगळी येतात. महाभारताच्या वनपर्वातही सिंहल निराळे, लंकानिवासी निराळे.

ज्योतिष्यांची लंका तर तिसरीच. उज्जैनवरून जाणारी मध्यरेखा विषुववृत्ताला जिथे छेदते, तिथे त्यांनी ती वसवली आणि ग्रहगणित तिच्यावरून मांडलं. आपले भास्कराचार्यही याच लंकेचे. त्या जागी आज नुसता समुद्र आहे. श्रीलंकेचं दक्षिण टोकसुद्धा विषुववृत्ताच्या साडेसहाशे किलोमीटर उत्तरेला राहतं.

खुद्द त्या बेटावरचा पाली ग्रंथ 'महावंस' बेटाला लंका म्हणतो खरा, पण त्याची राजपरंपरा सुरू होते ती भारतातून आलेल्या विजय राजपुत्रापासून. तिथे रावणाला गादी नाही.

एवढी फट मिळाल्यावर संशोधक गप्प कसे बसतील? इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी लंका थेट अमरकंटकच्या डोंगरात नेली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनीही १९७३ च्या पुस्तकात ती मध्य भारतातच शोधली. त्यांचा सगळ्यात चोख पुरावा झाडाचा. रामायणातले वानर सालवृक्ष उपटून लढतात, आणि सालाची रानं मध्य भारतात आहेत, रामेश्वराकडे नाहीत. शिवाय मध्य भारतातले गोंड रावणाला पूर्वज मानतात. गोदावरीच्या मुखाशी नदीतल्या बेटांना आजही 'लंका' म्हणतात, हेही या मताला सोयीचं. अडतं ते समुद्रापाशी. वाल्मीकींचं शंभर योजनांचं पाणी आटवून त्याचं तळं करावं लागतं, आणि मग हनुमानाच्या उड्डाणाला अर्थ काय उरतो? मला सालवृक्ष पटतो, तळं पटत नाही.

पंडितांचा वाद पुस्तकांत राहिला. सिलोनने १९७२ मध्ये श्रीलंका हे नाव घेतलं. नुवारा एलियाजवळ सीतेचं देऊळ आहे, एल्लाजवळच्या धबधब्याला रावणाचं नाव आहे, आणि रामायणातल्या जागा दाखवणाऱ्या सहलींत मराठी प्रवासीही असतात. २०१९ मध्ये श्रीलंकेचा पहिला उपग्रह अवकाशात गेला. त्याचं नाव 'रावण-१'.