'ठक' आणि 'थग' : एका शब्दाचे अर्थांतर आणि नळदुर्गचा प्रशासक

इंग्रजी बोलभाषेत 'थग' म्हणजे गुंड, दांडगाई करणारा मनुष्य. मराठीत 'ठक' म्हणजे लबाडीने फसविणारा. 'ठकविणे', 'ठकसेन', 'ठकास महाठक' या प्रयोगांत कावा आहे, रक्तपात नाही. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असून ते संस्कृत 'स्थग' म्हणजे धूर्त या शब्दापर्यंत नेले जाते. अर्थ असे दुभंगण्याचे कारण एकोणिसाव्या शतकातील कंपनी सरकारच्या कारभारात सापडते. त्या इतिहासाचा एक धागा धाराशिव जिल्ह्यातून जातो.

वाटसरूंचा विश्वास संपादून रुमालाने गळा आवळणाऱ्या टोळ्यांना दक्षिणेत 'फासीगार' व उत्तरेत 'ठग' म्हणत. इंग्रजीत उत्तरेकडील नाव रूढ झाले. विल्यम स्लीमन यांनी १८३६ मध्ये ठगांच्या सांकेतिक बोलीचा 'रामासिआना' हा कोश कलकत्त्यात प्रसिद्ध केला. कोश अधिकाऱ्यांपुरता राहिला. शब्द घरोघरी नेला तो कादंबरीने. निजामाच्या सेवेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर यांची 'कन्फेशन्स ऑफ अ थग' ही कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अमीर अली हा ठग स्वतःची कहाणी सांगतो. त्याच वर्षाअखेर थॉमस कार्लाइल यांनी 'चार्टिझम' या पुस्तकात ग्लासगोतील कामगारांच्या हिंसाचारासाठी हाच शब्द योजला. रुमाल आणि कावा मागे राहिले, हिंसा तेवढी उरली.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग जिल्हाही कंपनीकडे सोपविला आणि टेलर तेथील प्रशासक झाले. (१८६० मध्ये नळदुर्ग निजामास परत मिळाले.) तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्यांनी 'तारा' ही कादंबरी १८६३ मध्ये प्रसिद्ध केली. या मुलखाविषयीची त्यांची आपुलकी तीत जाणवते. पण इंग्रजी भाषेने त्यांच्याकडून उचलला तो ठगच.

ठगांविषयीची बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आली, म्हणून ती जपून वापरावी लागते. सरकारला मात्र तशी शंका आली नाही. १८३६ च्या कायद्याने केवळ ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. अमुक खून अमक्याने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. व्यक्तीऐवजी समूहाला दोषी धरणारी हीच दृष्टी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात अधिक कठोर झाली आणि माणूस जन्मानेच गुन्हेगार ठरू लागला. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पारध्यांसारख्या समाजांवरील संशयाचा शिक्का कायद्याबरोबर पुसला गेला नाही.

अमेरिकेत १९९० च्या दशकात रॅप गायकांनी हाच शब्द स्वतःस अभिमानाने लावून घेतला. तेथून तो 'ठग लाईफ' या रूपाने मराठी तरुणांच्या मोबाईलवर परतला आहे. एखाद्याने समोरच्यास बेधडक उत्तर देऊन निरुत्तर केले की चित्रफितीवर ही अक्षरे झळकतात. या प्रयोगात ना फसवणूक आहे, ना फास.