घामातले मीठ, श्वासातला ओलावा

ज्या तान्ह्या मुलाच्या कपाळाचा मुका घेताना ओठांना मीठ लागते ते मूल फार काळ जगत नाही, अशी समजूत युरोपात काही शतके चालत आली होती. तिच्यात चेटूक, शाप असे बरेच काही मिसळले होते; पण मुळातले निरीक्षण खरे होते. श्वासनलिकेचे अस्तर ओले कसे राहते, या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत विज्ञान पोहोचले ते याच खारटपणाच्या वाटेने.

न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये दगावलेल्या बालकांच्या शवविच्छेदनांवरून एका स्वतंत्र रोगाचे वर्णन केले. स्वादुपिंड तंतुमय झालेले, फुप्फुसे चिकट कफाने तुंबलेली. या रोगाला पुढे सिस्टिक फायब्रोसिस हे नाव रूढ झाले. कफ घट्ट होणे हेच रोगाचे मूळ, असे त्या काळी बहुतेक जण धरून चालले होते.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उष्म्याने ग्लानी येऊन रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांत याच रोगाची मुले डोळ्यांत भरण्याइतकी होती. अँडरसन आणि त्यांचे सहकारी वॉल्टर केसलर यांनी १९५१ मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. त्याच रुग्णालयातील पॉल डी सँट ॲग्नेसे यांनी धागा पुढे नेला आणि १९५३ मध्ये दाखवून दिले की या मुलांच्या घामात मीठ नेहमीपेक्षा कितीतरी अधिक असते. घामग्रंथीत तर कफ नसतो. म्हणजे दोष कफाच्याही आधीचा, मिठाच्या ने-आणीतला असला पाहिजे.

मीठ आणि पाणी यांचे नाते आपल्या स्वयंपाकघरात रोजचेच आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की पाणी सुटते. मीठ जिकडे, पाणी तिकडे. शरीरातल्या पेशीही पाणी थेट ढकलत नाहीत. त्या क्षार हलवतात आणि पाणी मागोमाग जाते. डेन्मार्कच्या हान्स उसिंग यांनी १९५१ मध्ये बेडकाच्या कातडीतून जाणारे सोडियम विद्युतप्रवाहाच्या रूपाने मोजून दाखवले आणि अशा अस्तरांच्या अभ्यासाला मोजपट्टी मिळाली.

श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते. ती सतत हलून धूळ आणि जंतू अडकलेला कफ घशाकडे लोटते. त्यासाठी लवेभोवती सुमारे ७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा, पातळ द्रवाचा थर लागतो. पेशींचे एक दार सोडियम आत ओढते, त्याबरोबर पाणी आत जाते. दुसरे दार क्लोराइड बाहेर सोडते, त्यामागून पाणी बाहेर येते. या दोहोंच्या तोलावर ओलावा टिकतो.

या रोगात तोल बिघडतो, याचा पुरावा दोन बाजूंनी आला. नॉर्थ कॅरोलायनातील मायकेल नोल्स व रिचर्ड बाउचर यांच्या गटाने १९८१ मध्ये रुग्णांच्या नाकातील अस्तराचा विद्युतदाब मोजला. तो निरोगी माणसांपेक्षा बराच जास्त भरला. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील पॉल क्विंटन यांनी घामग्रंथीची नळी वेगळी काढून दाखवले, की तिच्यातून क्लोराइड पार होतच नाही. क्विंटन स्वतः या रोगाचे रुग्ण.

आता कोडे उलगडले. घामाच्या नळीत हे दार मीठ परत आत घेण्यासाठी असते. ते बंद, म्हणून घाम खारट. श्वासनलिकेत तेच दार क्षार बाहेर सोडण्यासाठी. ते बंद, म्हणून अस्तर कोरडे आणि कफ चिकट. दार एकच, परिणाम मात्र उलटे. सोडियमच्या जादा शोषणाचा वाटा किती, यावर अजून एकमत नाही. त्याच दारातून बायकार्बोनेटही बाहेर पडते आणि ते कमी पडले की कफ नीट उलगडत नाही, हेही पुढे ध्यानात आले.

१९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावर या दाराचे जनुक शोधले. १४८० अमिनो आम्लांच्या साखळीतील ५०८ वे गळणे, हा सर्वांत जास्त आढळणारा दोष. उपचारांत मीठच पुन्हा कामी आले: ७ टक्के मिठाच्या पाण्याची वाफारणी उपयोगी पडते, असे ऑस्ट्रेलियातील चाचणीने २००६ मध्ये दाखवले. समुद्रात सर्फिंग करणाऱ्या रुग्णांना बरे वाटते, हे तिथल्या डॉक्टरांच्या आधीच लक्षात आले होते. दारच दुरुस्त करणारी औषधे २०१२ पासून आली. २०१९ मधील तीन औषधांच्या मिश्रणाने अनेकांचे आयुष्य पालटले. पण ती अतिशय महागडी आहेत.

भारतीय मुलांना हा रोग होतच नाही, असा समज आपल्याकडे बराच काळ होता. तो खरा नव्हता. सतत खोकणाऱ्या, अंगी न लागणाऱ्या मुलाचे निदान क्षय किंवा दमा असे होऊन जाते. त्यातच ५०८ चा दोष भारतीय रुग्णांत युरोपीयांपेक्षा कमी आढळतो, त्यामुळे केवळ त्यासाठी केलेली जनुकचाचणी पुरेशी ठरत नाही. १९५९ मध्ये रूढ झालेली घामाची चाचणी मात्र आजही निदानाचा कणा आहे: क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून अधिक असेल, तर संशय बळावतो. तेव्हा बाळाचे अंग खारट लागते असे एखादी आई सांगू लागली, तर डॉक्टरांनी ते हसण्यावारी न नेता घाम तपासायला पाठवावा.