इसापूर अभयारण्य

यवतमाळ व हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर, पैनगंगा नदीवरील इसापूर धरणाच्या जलाशयालगतचे अभयारण्य. घोषणा 2014, क्षेत्र सुमारे 37.80 चौ. किमी. धरण पुसद तालुक्यात असले तरी जलाशयाच्या दक्षिणेला हिंगोली जिल्ह्याचा कळमनुरी तालुका लागतो. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या या मातीच्या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे 964 दलघमी असून त्यावर हिंगोली, नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांतील शेती भिजते.

इथले पाणी माणसाने अडवलेले आहे आणि पक्ष्यांचे वर्षही त्याच पाण्याच्या चढउताराने ठरते. पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या खोल पाण्यात पाणकावळ्यांखेरीज फारसे कोणाचे भागत नाही. दिवाळीनंतर पाणी हटू लागते, काठाला चिखल उघडा पडतो आणि खरी वर्दळ सुरू होते. मराठवाड्यातील मोठ्या जलाशयांवर हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदके, थापट्या व वारकऱ्यांचे थवे उतरतात. तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब पांढऱ्या डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांनी लांबूनही ओळखू येतात. दिवसा ते पाण्याकाठी विसावतात आणि अंधार पडला की हरभऱ्याच्या रानात चरायला जातात. उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी वेचतो. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून चातक येतो.

नदी सुरयाची वीण मात्र उन्हाळ्यात, उघड्या पडलेल्या बेटांवर होते. वाळूत उथळ खळगा करून त्यात ठिपकेदार अंडी घालायची, एवढेच त्याचे घरटे. उन्हाळी आवर्तनाने पातळी झपाट्याने उतरली की असे बेट काठाला जोडले जाते आणि कोल्ह्याकुत्र्यांना घरट्यांपर्यंत वाट मिळते. सिंचनाचे वेळापत्रक आखताना या दोन-तीन महिन्यांचा विचार व्हायलाच हवा.

भोवतालचे जंगल शुष्क पानगळीचे असून त्यात साग जास्त. या पट्ट्यात रोही, रानडुक्कर व बिबट्या यांचा वावर आहे. क्षेत्र लहान असले तरी टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांकडून बुलढाण्यातील ज्ञानगंगेकडे जाणाऱ्या वाघांच्या वाटेवर ते मोक्याच्या जागी आहे. टिपेश्वरमध्ये जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर बसवलेला टी1सी1 हा तरुण वाघ 2019 मध्ये तेलंगणातील आदिलाबादकडे जाऊन परतला आणि पैनगंगा, इसापूर, हिंगोली, वाशीम, अकोला असा प्रवास करत डिसेंबरमध्ये ज्ञानगंगेत पोहोचला. इतक्या लांबच्या वाटेवर वाघाला आडोसा आणि पाणी एकाच ठिकाणी मिळेल अशा जागा थोड्याच. इसापूर त्यांपैकी एक.

पक्षिनिरीक्षणासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.