जुनी हायब्रिड कार घेताय? सीमाभागातील खरेदीदारांनी आधी तपासायच्या नोंदी

निपाणी / बेळगाव : पेट्रोलचा खर्च वाचतो म्हणून जुन्या बाजारात हायब्रिड गाड्यांची विचारणा होते. सीमाभागात मात्र प्रश्न फक्त मायलेजचा नसतो. गाडी एमएच-०९ पासिंगची आणि खरेदीदार निपाणीचा असला, की कागदपत्रे दोन राज्यांची होतात. त्यात हायब्रिडची मुख्य बॅटरी खराब निघाली तर स्वस्तात मिळालेली गाडी महागात पडते. म्हणून इसार देण्याआधी पुढील नोंदी पाहाव्यात.

तपासणीचा इतिहास मिळतो कुठे?

जपान, ब्रिटनसारख्या देशांत खासगी गाडीची ठरावीक काळाने सक्तीची तपासणी होते आणि तिची नोंद राहते. आपल्याकडे खासगी कारची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. तोपर्यंत आरटीओकडून फिटनेस तपासणी होत नाही. पीयूसी दरवर्षी निघते, पण त्यात फक्त धूर तपासला जातो. बॅटरी, ब्रेक, चासी याबद्दल पीयूसी काहीच सांगत नाही.

त्यामुळे गाडीचा इतिहास तुकड्या-तुकड्यांनी गोळा करावा लागतो. पिवळ्या पाटीची टॅक्सी नंतर खासगी करून घेतलेली असेल तर तिच्या फिटनेसच्या नोंदी असतात. अशी गाडी किती पळाली असेल, याचा अंदाजही त्यावरून येतो.

आधी हायब्रिड कोणती ते पाहा

‘हायब्रिड’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गाड्या विकल्या जातात. मारुतीच्या सियाझ, एर्टिगा यांसारख्या ‘स्मार्ट हायब्रिड’ गाड्यांत छोटी बॅटरी इंजिनाला फक्त हातभार लावते. गाडी नुसत्या बॅटरीवर चालत नाही. टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस आणि होंडा सिटी यांची स्ट्राँग हायब्रिड मॉडेल २०२२ पासून आली. ती कमी वेगात काही अंतर नुसत्या विजेवर धावतात. हायरायडर, ग्रँड विटारा यांची साधी स्मार्ट हायब्रिड आवृत्तीही आहे. म्हणून मागच्या ‘हायब्रिड’ पट्टीवर न जाता व्हेरियंटचे नाव मूळ बिलावर पाहावे.

सर्व्हिस रेकॉर्ड आणि बॅटरी

विक्रेत्याला सोबत घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे आणि चासी नंबरवरून सर्व्हिस हिस्ट्री काढून घ्यावी. प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर ओळीने लावले की मीटर मागे फिरवला असेल तर लगेच कळते. फास्टॅगचे स्टेटमेंटही मागावे. ‘गाडी घरीच उभी होती’ म्हणणाऱ्याच्या स्टेटमेंटवर कोगनोळी टोलनाका रोज दिसला, तर हिशेब जुळत नाही.

टोयोटा आणि होंडाच्या स्ट्राँग हायब्रिडच्या मुख्य बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत वॉरंटी असते. मात्र ती अटींवर असते. या गाडीची वॉरंटी किती उरली आहे आणि ती नव्या मालकाला लागू होईल का, हे सेंटरकडून लेखी घ्यावे. त्याच वेळी बॅटरीची तपासणी करून फॉल्ट कोडचा कागद मागावा. कंपनीने मॉडेल परत बोलावले असल्यास ते काम झाले का, हेही तिथेच कळते.

अनेक मॉडेलमध्ये बॅटरी हवेने थंड होते आणि ती हवा सीटजवळच्या जाळीतून घेतली जाते. तंबाखूच्या गोदामाजवळ किंवा उसाच्या रस्त्याने रोज फिरणाऱ्या गाडीत ही जाळी धुळीने तुंबू शकते. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का तेही पाहावे. नारंगी रंगाच्या वायरींत उच्च दाबाची वीज असते. त्यांना स्वतः हात लावू नये, मेकॅनिकलाच दाखवावे.

पुराच्या पाण्यातली गाडी

२०१९ आणि २०२१ च्या पुरात वेदगंगेचे पाणी महामार्गावर येऊन यमगर्णीजवळ वाहतूक बंद पडली होती. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण कनेक्टरमधला गंज राहतोच. सीटखालचे बोल्ट, गालिच्याखालचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावरचा चिखलाचा डाग पाहावा.

विम्याचा कागदही बोलतो. क्लेम न घेतल्यास नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जातो. पाच वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल तर क्लेम कशाचा होता, हे विचारावे आणि कागद पाहावा.

घाटात चालवून पाहा

गाडी थंड असताना सुरू करावी. स्ट्राँग हायब्रिड बहुतेक वेळा इंजिनाचा आवाज न करता ‘रेडी’ दाखवते. मग तवंदी घाटापर्यंत न्यावी. चढाला बॅटरीची पातळी उतरणे आणि उताराला ती भरणे स्वाभाविक आहे. पण सपाट रस्त्यावरही काटा झपाट्याने खाली-वर होत असेल, किंवा इंजिन सारखे चालू राहत असेल, तर बॅटरीची पुन्हा तपासणी करून घ्यावी.

दोन राज्यांचे कागद

- एम-परिवहन ॲपवर नोंदणी, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा पाहावा. बोजा असल्यास बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.
- गाडी दोन्ही राज्यांत फिरलेली असते, म्हणून ई-चलनही दोन्हीकडचे तपासावे.
- गाडी चोरीची नाही ना, यासाठी एनसीआरबीच्या संकेतस्थळावरून वाहन एनओसी काढता येते.
- गाडी परराज्यातील असल्यास मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात.
- गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. बेळगावला केए-२२, तर चिकोडी आरटीओकडे केए-२३. कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स जड आहे. त्याचा आकडा आधी आरटीओत विचारून मगच भाव ठरवावा. मूळ राज्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.
- एजंटकडून घेताना आरटीओचे अधिकृत विक्रेत्याचे प्रमाणपत्र पाहावे. ही तरतूद एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

नुसत्या बॉंडवर व्यवहार नको

बॉंडवर सह्या झाल्या, चावी मिळाली, म्हणजे गाडी नावावर झाली असे नाही. आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे नाव बदलून घेणे जितके घेणाऱ्याच्या, तितकेच विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांनी ठेवावी. विमाही १४ दिवसांत नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र नव्याला मिळत नाही.

विक्रेता सर्व्हिस सेंटरला यायला किंवा चासी नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर भाव कितीही कमी असला तरी ती गाडी सोडून दिलेली बरी.