खड्डा की उंचवटा? काचबिंदू मोजणाऱ्या यंत्राची कुळकथा

काचबिंदू किती पुढे गेलाय हे डोळ्याच्या फोटोवरून सांगणाऱ्या संगणकाचं कूळ शोधत मागे गेलं, की पहिल्याच पिढीत एक मोठी चूक भेटते. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण बनवलं आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा व मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंड प्रथमच नीट दिसू लागलं. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी काचबिंदूच्या रुग्णांमध्ये ते तोंड पाहिलं आणि तिथे सूज आहे, उंचवटा आहे, असं १८५४मध्ये मांडलं. व्हिएन्नाच्या येगर यांनाही तसंच वाटलं. प्रत्यक्षात तिथे खड्डा होता! उपकरण एका डोळ्याने पाहायचं. त्यात वर आलेलं काय नि आत गेलेलं काय, हे समजणार कसं? आडोल्फ वेबर यांनी हा दृष्टिभ्रम ओळखला आणि हाइनरिख म्युलर यांनी मृतांचे डोळे तपासून नस आत दबलेली दाखवली. ग्रेफे यांनी आपलं म्हणणं सुधारून घेतलं. एवढ्या मोठ्या माणसाने ते चटकन केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सपाट चित्रातून खोली ओळखायची, हा पेच तिथून सुरू झाला.

खड्डा आहे हे ठरल्यावर तो किती मोठा, हा प्रश्न आला. १९६०च्या दशकात मन्सूर आर्माली यांनी खड्ड्याचा व्यास नसेच्या तोंडाच्या व्यासाशी ताडून पाहण्याची रीत रुजवली. आजही डॉक्टर ‘कप मोठा झालाय’ म्हणतात आणि फायलीत ०.७ किंवा ०.८ लिहितात, ते याच गुणोत्तराचे आकडे. पण हा अंदाज नजरेचा. एकाच फोटोवर दोन अनुभवी डॉक्टरांचे आकडे जुळत नाहीत. शिवाय काहींच्या नसेचं तोंड जन्मतःच मोठं असतं, त्यात खड्डाही मोठा असतो आणि आजार नसताना शंका येते. तोंड लहान असलं तर उलट घडतं: आजार असतो, पण नजरेतून सुटतो.

म्हणून नजर किती गेली हे मोजणारी दुसरी शाखा महत्त्वाची ठरली. रुग्ण यंत्रात डोकं टेकवून बसतो आणि ठिपका चमकला की बटण दाबतो. आपल्याकडे याला ‘फील्ड काढणं’ म्हणतात. होडॅप, पॅरिश आणि अँडरसन यांनी १९९३मध्ये मांडलेली वर्गवारी मुख्यतः त्यावरच उभी आहे: सरासरी घट ६ डेसिबलच्या आत असेल तर सौम्य, ६ ते १२ मध्यम, त्यापुढे तीव्र. पुढच्याच वर्षी गोल्डबॉम आणि सहकाऱ्यांनी न्यूरल नेटवर्कला शिकवायला घेतलं ते याच फील्डचे आकडे देऊन. फोटो वाचणारा संगणक अजून दूर होता.

तिसरी शाखा ओसीटीची. १९९१मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून आलेलं हे तंत्र प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचे थर उलगडतं आणि मज्जातंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतं. इथे खोली थेट मोजता आली. पण या तंत्रालाही मर्यादा आहे: जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास आली की आकडा फारसा उतरत नाही, कारण उरतात त्या आधारपेशी आणि रक्तवाहिन्या. तिथून पुढे आजार वाढला तरी ओसीटी गप्प बसतं आणि फील्डकडेच परतावं लागतं.

यातल्या फोटो आणि ओसीटी या शाखा २०१९मध्ये एका घरात आल्या. ड्यूक विद्यापीठाच्या फेलिपे मेदेइरोस आणि सहकाऱ्यांनी संगणकाला साधे फोटो दाखवले, पण उत्तरं डॉक्टरांकडून घेतली नाहीत. त्याच डोळ्यांचं ओसीटी काय म्हणतं, ते उत्तर म्हणून दिलं. म्हणजे यंत्राचा गुरू दुसरं यंत्र! १,१९८ जणांच्या फोटो आणि ओसीटीच्या ३२,८२० जोड्यांवर शिकवून आणि तपासून घेतलेला हा संगणक नुसत्या फोटोवरून थराची जाडी सांगू लागला. सरासरी चूक साडेसात मायक्रॉनच्या आत. ग्रेफे यांना जे दिसत नव्हतं, ते सपाट फोटोतून आकड्यात आलं. माझ्या मते या कुळातली सगळ्यात हुशार कल्पना हीच.

या वंशावळीत मराठी मुलखाचंही एक घर आहे, ते नांदेडला. तिथल्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतले प्रसन्ना पोरवाल, समीक्षा पाचाडे, मनेश कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये नांदेडच्याच एका नेत्रचिकित्सालयातले ५१६ फोटो तीव्रतेच्या पायऱ्या लावून जगाला खुले केले. तो संग्रह मधुमेहाने बिघडणाऱ्या पडद्याचा. मात्र त्यातल्या ८१ फोटोंवर नसेच्या तोंडाची कडही आखलेली आहे. २०२१मध्ये आलेल्या त्यांच्या दुसऱ्या संग्रहात ३,२०० फोटो आणि ४६ विकारांची नोंद आहे, त्यात नसेतला वाढलेला खड्डा हा स्वतंत्र विकार म्हणून आहे. चीनच्या किंवा अमेरिकेच्या डोळ्यांवर शिकलेलं यंत्र आपल्याकडे चुकू शकतं, म्हणून हे काम मोलाचं. त्याचं कौतुक आपल्याकडे फारसं झालं नाही, ही खंत आहे.

आता जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरचं बोलू. इथे म्हाताऱ्याला कमी दिसू लागलं, की ‘मोतिया पिकू द्या, मग शिबिरात ऑपरेशन करू’ हा सल्ला घरातूनच मिळतो. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने परत येते. काचबिंदूत नस सुकते आणि गेलेलं परत येत नाही. त्यातून हा आजार बहुधा कडेकडेने नजर खातो. समोरचं माणूस स्वच्छ दिसतं, पण केळीच्या बागेत पायाखालची ठिबकची नळी दिसत नाही. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत दहांतल्या नवांहून अधिक रुग्णांना आपल्याला काचबिंदू आहे हे ठाऊकच नव्हतं. ओसीटी आणि फील्डची यंत्रं महागडी, बहुतेक मोठ्या शहरांत. पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा मात्र हातात मावणारा झाला आहे. म्हणून फोटोवरून तीव्रता सांगणारा संगणक जळगावच्या मोठ्या दवाखान्यापेक्षा तालुक्याच्या शिबिरात जास्त कामाचा. निदान डॉक्टरच करणार. जळगावला आधी कोणाला पाठवायचं, हे ठरवायला यंत्र पुरे आहे.

ते यंत्र शिबिरात येईपर्यंत थांबू नका. चाळिशी उलटली असेल, किंवा आई-वडील, बहीण-भाऊ यांच्यापैकी कोणाला काचबिंदू असेल, तर चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना स्वतःहून सांगा: डोळ्याचं प्रेशर मोजा आणि नसही बघा.