तबकडीवरील नाव आणि आतला कारागीर : लघु कॅरेज क्लॉकच्या संग्रहाविषयी काही विचार

प्रस्तावना

जुन्या वस्तूंचा संग्रह हा श्रीमंतांचा छंद मानून इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे बहुधा दुर्लक्षच केले आहे. संग्राहक किंमत पाहतो आणि इतिहासकार कागद पाहतो, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. प्रस्तुत लेखात एका अगदी लहान वस्तूच्या आधारे ही समजूत तपासून पाहिली आहे. ती वस्तू म्हणजे एकोणिसाव्या शतकातील लघु कॅरेज क्लॉक, अर्थात घोडागाडीच्या प्रवासात बरोबर नेता येईल अशा घड्याळाची तळहातावर मावणारी आवृत्ती. या घड्याळांचा खरा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ केवळ तबकडी वाचून दिले जात होते. ते दुरुस्त झाले ते मुख्यतः संग्राहकांच्या चौकसपणामुळे. मात्र ज्या पुराव्यामुळे हे घडले, तो पुसण्यातही संग्राहकांच्या बाजाराचाच मोठा हात आहे.

प्रवासी घड्याळाचा उगम

लंबकाचे घड्याळ एका जागी स्थिर असावे लागते. हलत्या गाडीत ते निरुपयोगी ठरते. म्हणून प्रवासी घड्याळात लंबकाऐवजी बॅलन्स चाक व त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग वापरली जाते. पॅरिसचे विख्यात घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अशी घड्याळे घडविली. एप्रिल १७९८ मध्ये, इजिप्तच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी, नेपोलियन बोनापार्टने ब्रेगे यांच्याकडून तीन घड्याळे घेतली. त्यांतील एक दिनदर्शिकेची सोय असलेले, ठोके देणारे प्रवासी घड्याळ होते.

ब्रेगे यांचे काम राजे-सेनापतींसाठी एकेक नग घडविण्याचे होते. १८३० च्या दशकात पॉल गार्निए यांनी ही रचना सोपी व एकसारखी केली आणि कॅरेज क्लॉक ही व्यापाराची वस्तू बनली. सोन्याचा मुलामा दिलेली पितळी चौकट, चारही बाजूंना व माथ्यावर जाड काच, उचलण्यासाठी मूठ आणि माथ्यावरील काचेतून दिसणारी एस्केपमेंटची हालचाल, हे तिचे परिचित रूप पुढे रूढ झाले. काहींच्या माथ्यावर एक कळ असे. विजेच्या दिव्यापूर्वीच्या काळात रात्री अंथरुणातून हात लांबवून ती दाबली, की शेवटच्या तासाचे ठोके पुन्हा ऐकू येत.

मौज अशी की, या घोडागाडीच्या घड्याळाची भरभराट झाली ती रेल्वेच्या युगात. बहुतेक घड्याळांनी प्रवास केला तो कारखान्यापासून दिवाणखान्यातील शेकोटीवरच्या फळीपर्यंत, एवढाच.

नेहमीच्या आकाराचे घड्याळ सुमारे १३ ते १५ सेंमी उंच असते, तर लघु घड्याळ साधारण ७ ते १० सेंमी. फ्रेंच व्यापारात त्यास 'मिन्योनेत' म्हणत. एकदा चावी दिली की तेही आठ दिवस चालते. जागा अपुरी असल्याने बहुतेक लघु घड्याळे केवळ वेळ दाखवितात. ठोके देणारे लघु घड्याळ दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणूनच संग्राहकांच्या स्पर्धेचा विषय.

नाव कोणाचे, काम कोणाचे

या घड्याळांच्या तबकडीवर पुष्कळदा लंडन किंवा अन्य शहरातील एखाद्या नामांकित पेढीचे नाव आढळते. ते विक्रेत्याचे नाव होय. फ्रेंच कॅरेज क्लॉकचा फार मोठा भाग इंग्लंडला निर्यात होत असे आणि तेथील दुकानदार आपले नाव तबकडीवर घालून घेत. हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नाही. 'वेस्ट एंड वॉच कंपनी' हे नाव मिरवणारी घड्याळे मुंबईत खरेदी केली जात, पण ती घडत स्वित्झर्लंडमध्ये.

फ्रेंच घड्याळाचा खरा पत्ता अनेकदा निघतो नॉर्मंडीतील दिएप बंदराजवळच्या सँ-निकोला-दालिएरमों या लहानशा गावाचा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ओनोरे पाँस या कारागिराने तेथील मंदावलेल्या घड्याळ व्यवसायास नवे यंत्रबळ दिले. पुढे या गावात घड्याळांची कच्ची यंत्रे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. एस्केपमेंटचे सुटे भाग स्विस सरहद्दीलगतच्या फ्रांश-काँते प्रांतातून येत. जुळणी, घासकाम व मुलामा यांचा बराचसा भाग पॅरिसमध्ये होई. म्हणजे एका तळहाताएवढ्या घड्याळात तीन प्रदेशांचे श्रम आणि चौथ्याच ठिकाणच्या दुकानदाराचे नाव!

हे उलगडले कसे? संग्राहकांनी घड्याळ उघडून मागील पट्टीवरचे शिक्के वाचण्यास आरंभ केला. ड्रोकूर यांच्या शिक्क्यात दोन अक्षरांच्या मध्ये चिमुकले कॅरेज क्लॉक कोरलेले असते, मार्गेन यांच्या शिक्क्यात मधमाश्यांचे पोळे. शिक्के व अनुक्रमांक शेकडो नगांवर ताडून पाहिले, तेव्हा कारखान्यांचे कालक्रम आकार घेऊ लागले. चार्ल्स ॲलिक्स व पीटर बॉनर्ट यांचा १९७४ चा बृहद्ग्रंथ हे या परिश्रमाचे ठळक फळ होय. येथे वस्तू हाच दफ्तरखाना ठरला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुराव्याची झीज

दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. बाजाराला चकचकीत व चालू घड्याळ हवे असते. त्यापायी झिजलेला मुलामा उतरवून नवा चढविला जातो, मूळ एस्केपमेंट काढून आधुनिक बसविले जाते, एका घड्याळाचे यंत्र दुसऱ्याच्या चौकटीत शिरते. लघु घड्याळांत तर हा धोका अधिक, कारण विसाव्या शतकातही त्याच घाटाची नवी घड्याळे बनत राहिली आणि वरवर पाहणाऱ्यास फरक चटकन कळत नाही.

माझ्या मते या बाबतीत सर्वांत उपेक्षित पुरावा म्हणजे चामड्याची पेटी व चावी. पेटीला पुढील बाजूस सरकते झाकण असते, जेणेकरून घड्याळ बाहेर न काढता वेळ पाहता यावी. दुहेरी तोंडाच्या चावीचे एक टोक स्प्रिंग आवळण्यासाठी व दुसरे काटे फिरविण्यासाठी. चांगल्या कारखान्यांच्या चावीवर घड्याळाचाच क्रमांक असे. तो जुळला तर यंत्र, चौकट व पेटी सुरुवातीपासून एकत्र असल्याचा भरवसा वाढतो. पण जुनी पेटी फाटकी, चावी गंजलेली. विक्रेता ती बाजूला टाकतो आणि दुसरी, साजेशी चावी देतो. घड्याळ नव्या चावीनेही चालतेच, त्यामुळे खरेदीदाराचीही तक्रार नसते.

सँ-निकोला येथे २००७ मध्ये घड्याळांचे संग्रहालय सुरू झाले. ज्या गावाचे नाव तबकडीवर क्वचितच आले, तेथे आता ही घड्याळे गावाच्या नावाने पाहता येतात. आपल्याकडील संग्रहालये व महाविद्यालये यांच्या नोंदवह्यांत जुन्या घड्याळांची नोंद करताना 'विक्रेता' आणि 'निर्माता' असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत, आणि तिसरा रकाना असावा तो कोणता भाग केव्हा बदलला याचा. निर्मात्याचा रकाना काही काळ रिकामा राहिला तरी चालेल. तेथे तबकडीवरचे नाव उतरवून घेऊ नये.