पर्वतीच्या पायऱ्या आणि हरवलेलं तळं

सारसबागेतल्या गणपतीला जुने पुणेकर अजूनही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. आज तिथे गेलात तर देवळाभोवती कमळांचं छोटं पाणी दिसतं, पुढे हिरवळ आणि बाहेर भेळेच्या गाड्या. एवढ्याशा पाण्यावरून हे नाव पडलेलं नाही. अठराव्या शतकात इथे खरोखरचं मोठं तळं होतं आणि गणपती त्या तळ्यातल्या बेटावर होता. त्या तळ्याच्या काठावरची टेकडी म्हणजे पर्वती.

तळं गेलं, टेकडी राहिली. पहाटे पाच वाजल्यापासून लोक तिच्या १०३ पायऱ्या चढतात. कुणी गुडघ्यांसाठी, कुणी पोलीसभरतीसाठी, कुणी देवासाठी, तर कुणी वरून सूर्योदयाचा व्हिडिओ काढायला. आरामात चढलं तरी पंधरा मिनिटांत माथा येतो. तिकीट नाही आणि जात विचारणारंही कुणी नाही. हे सगळं इतकं साधं झालंय, की या टेकडीवर चढायला कधीकाळी लोकांना दगड खावे लागले होते, हे सांगितल्यावर पटत नाही.

म्हणून ही टेकडी एकदा इतिहासाच्या वाटेनं चढून बघू.

नवस, देऊळ आणि तळं

पेशव्यांच्या आधीही ही टेकडी होती आणि तिच्यावर पर्वताई देवीचं लहानसं ठाणं होतं. खाली पर्वती नावाचं गाव होतं. टेकडीची जमीन त्या गावच्या तावरे पाटलांची होती. परंपरा सांगते, की थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई यांचा पाय दुखायचा आणि या देवीला नवस केल्यावर तो बरा झाला. सिनेमामुळे काशीबाई आपल्या पिढीला माहीत आहेत. त्यांचे थोरले चिरंजीव बाळाजी बाजीराव, म्हणजेच नानासाहेब पेशवे. त्यांनी टेकडीवर देवदेवेश्वराचं देऊळ उभारलं. १७४९ साली ते पूर्ण झालं.

त्याच वर्षी साताऱ्याला छत्रपती शाहू महाराजांचं निधन झालं. मराठी राज्याचा सगळा कारभार आता साताऱ्याहून पुण्याकडे सरकू लागला होता. पुणे आजवर मोठं गाव होतं, त्याला राजधानीचं रूप द्यायचं होतं. वाडे, पेठा आणि पाणी, तिन्ही लागणार होते. कात्रजला तलाव बांधून तिथून शहरातल्या हौदांपर्यंत दगडी नळानं पाणी आणण्याचं काम नानासाहेबांनी याच सुमारास हाती घेतलं. पर्वती आणि तिच्या पायथ्याचं तळं याच मोठ्या आखणीचा भाग होते.

तळ्याचं पाणी आलं आंबिल ओढ्याचं. हा ओढा कात्रजच्या डोंगरांतून येतो. पूर्वी तो पुण्याच्या वस्तीजवळून वाहत मुठेला मिळायचा आणि पावसाळ्यात पसरायचा. नानासाहेबांच्या काळात त्याला पर्वतीच्या पायथ्याशी बांध घातला गेला, प्रवाह वळवून दत्तवाडीच्या बाजूनं मुठेकडे काढला गेला आणि अडवलेल्या पाण्याचं तळं झालं. शहराला वस्तीसाठी मोकळी जमीन मिळाली आणि टेकडीला खाली पाणी मिळालं.

या तळ्याच्या कामाची एक आख्यायिका आहे. काम रेंगाळलं म्हणून नानासाहेब हत्तीवरून खाली उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले. ते बघून बरोबरचे सरदारही लागले आणि काम झपाट्यानं पुरं झालं. गोष्ट छान आहे, पण तिच्यात एक गंमत आहे. एक दिवस दगड उचलणाऱ्या पेशव्यांची आठवण राहिली. रोज दगड उचलणाऱ्या पाथरवट, बेलदार, वडार मंडळींपैकी एकाचंही नाव या गोष्टीत नाही.

पुढे तळ्यातल्या बेटावर बाग झाली, तीच सारसबाग. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, तिथे गणपतीची स्थापना झाली.

चढण कुणासाठी?

पर्वतीच्या पायऱ्या नीट बघा. त्या रुंद आणि बुटक्या आहेत. हत्ती-घोड्यांनाही चढता यावं म्हणून त्या तशा केल्या, असं पुण्यात सांगतात. म्हणजे ही चढण पालख्या आणि लवाजमा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली होती. माथ्यावर देवळांशेजारी पेशव्यांचा वाडाही होता. राजधानीतून बाहेर पडावं, टेकडीवर यावं, खाली तळं, तळ्यात बेट, पलीकडे आपलं शहर असा देखावा बघावा. हा देखावा निसर्गानं दिलेला नव्हता, तो आखून, पैसे खर्चून तयार केलेला होता आणि मुख्यतः एका घराण्याच्या नजरेसाठी होता.

पायथ्याशी रमणा होता. श्रावण महिन्यात तिथे दक्षिणा वाटली जायची. दूरदूरच्या प्रांतांतून हजारो ब्राह्मण यायचे आणि लाखो रुपये वाटले जायचे. विद्वानांना जास्त आणि इतरांना कमी, पण मिळायचे ते ब्राह्मणांनाच. हा पैसा येत होता रयतेच्या घामातून. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. इंग्रज आल्यावर दक्षिणेची रक्कम कमी झाली. तिच्यातला काही भाग वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे तिच्याच वाटेनं डेक्कन कॉलेज उभं राहिलं. दक्षिणेच्या पैशातून चांगल्या मराठी पुस्तकांना बक्षिसंही मिळू लागली. आज आपण वाचतो त्या मराठी गद्याच्या जडणघडणीत रमण्यातल्या पैशाचा वाटा आहे, हे विसरायला नको.

वरून दिसलेले दोन शेवट

पर्वतीच्या माथ्यावर मराठी सत्तेचे दोन मोठे धक्के पचवले गेले. पचवले म्हणण्यापेक्षा, बघितले गेले.

पहिला १७६१चा. १४ जानेवारीला पानिपत झालं. नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले. नानासाहेब खचून पुण्याला परतले आणि पर्वतीवर येऊन राहिले. २३ जून १७६१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं चाळीस. ज्या टेकडीवर त्यांनी आपल्या भरभराटीच्या काळात देऊळ बांधलं, तिथेच त्यांचं स्मारक आहे.

दुसरा १८१७चा. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. सेनापती बापू गोखले मैदानात लढत होते आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई बघत होते. मध्ये आजच्यासारख्या इमारती नव्हत्या. धुळीचे लोट आणि तोफांचा धूर एवढ्या अंतरावरूनही दिसला असेल. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

शाळेच्या पुस्तकात पर्वतीची गोष्ट बहुतेक वेळा इथे संपते. पण टेकडीसाठी सगळ्यात महत्त्वाची लढाई यानंतर ११२ वर्षांनी झाली. तिच्यात तोफा नव्हत्या आणि ती बघायला कुणी माथ्यावर उभं नव्हतं. ती पायऱ्यांवरच झाली.

१३ ऑक्टोबर १९२९

पेशवाई गेली तरी पर्वतीचं देवस्थान चालू राहिलं. सगळ्या पुण्याचं देवस्थान म्हणून लोक तिथे जात. सगळ्या पुण्याचं, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना वगळून. टेकडीच्या परिसरात ज्यांनी पिढ्यानपिढ्या कष्ट केले, त्यांना देवळात प्रवेश नव्हता.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव होता. कागदावर हक्क मिळाला, प्रत्यक्षात नाही. म्हणून २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पाण्याचा प्रश्न तळ्यावर जाऊन विचारला गेला. देवळाचा प्रश्न पुण्यात विचारायचा तर पर्वतीइतकी ठळक जागा दुसरी नव्हती. साऱ्या शहराला दिसणारी टेकडी ती.

या सत्याग्रहात शिवराम जानबा कांबळे होते. त्यांनी १९०८मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढलं होतं आणि तेव्हापासून ते अस्पृश्यांच्या हक्कांसाठी पुण्यात झगडत होते. आता ते पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांच्याबरोबर पां. ना. राजभोज होते, वय चोविसेक. सवर्ण समाजातून काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे ही मंडळी उतरली. एस. एम. चोविशीत होते, गोरे बाविशीत. आज पहाटे पर्वतीवर पळायला येणाऱ्या पोरापोरींच्या वयाचे.

१३ ऑक्टोबर १९२९ रोजी सत्याग्रही पर्वतीकडे निघाले. त्यांनी मागितलं ते एवढंच, की इतरांसारखं आम्हालाही वर जाऊन दर्शन घेऊ द्या. देवळाची दारं बंद करण्यात आली. सनातनी जमावानं वाट अडवली आणि सत्याग्रहींवर हल्ला केला. दगड आले. राजभोज जबर जखमी झाले, त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. मुंबईत बाबासाहेबांनी या हल्ल्याचा निषेध केला आणि सत्याग्रहाला पाठिंबा दिला.

देवस्थानाच्या बाजूनं मांडलं गेलं, की हे देऊळ खाजगी आहे. हा युक्तिवाद जरा थांबून बघण्यासारखा आहे. राज्याच्या खजिन्यातून बांधलेलं, सरकारी नेमणुकीवर चाललेलं, शहराचं दैवत म्हणून मिरवलेलं ठिकाण. पण 'आम्हीही येतो' असं म्हणणारी माणसं पायथ्याशी उभी राहिली, की ते अचानक खाजगी होतं. आजही एखादी बाग, मैदान किंवा सोसायटीतला रस्ता याच शब्दानं बंद होताना आपण बघतो.

सत्याग्रह जानेवारी १९३०पर्यंत चालला. दार उघडलं नाही. त्या अर्थानं तो हरला. पण लगेच मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९३५पर्यंत चालला. मे १९४७मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळासाठी साने गुरुजींनी उपोषण केलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला आणि १९५०पासून संविधानानं अस्पृश्यताच रद्द केली. पर्वतीचं दार उघडलं ते या लांबच्या वाटेनं. १०३ पायऱ्या चढायला अठरा-वीस वर्षं लागली.

तळं कुठे गेलं?

पायऱ्यांसाठी भांडणारी माणसं होती, म्हणून पायऱ्या सगळ्यांच्या झाल्या. तळ्याचं तसं झालं नाही. ओढ्याचा गाळ साचत गेला, पाणी कमी झालं, डास वाढले. ज्यांच्या देखाव्यासाठी तळं होतं ते सत्ताधारी उरले नव्हते. हळूहळू ते आटवलं, बुजवलं गेलं. त्या जागेवर १९५३ साली पेशवे उद्यान झालं. तिथल्या वाघ-सिंहांच्या आठवणी आपल्या आईबाबांकडे नक्की असतील. पुढे प्राणी कात्रजच्या संग्रहालयात गेले. बेट आणि गणपती सारसबागेत राहिले.

ओढा मात्र कुठेच गेला नाही. कात्रजहून निघून, सोसायट्यांच्या भिंतींमधून, पुलांखालून तो अजून त्याच वळवलेल्या वाटेनं येतो. त्याचं पात्र आवळलं गेलं. पाणी साठायला जी जागा होती, तिच्यावर शहर बसलं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला आणि आंबिल ओढा अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल अशा वस्त्यांमध्ये घुसला. त्या रात्रीच्या पावसात पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. सगळ्यात जास्त नुकसान झालं ते ओढ्याच्या काठावरच्या, कष्टकरी घरांचं.

अठराव्या शतकात ज्यांनी ओढा वळवला, त्यांनी पाण्याला दुसरी वाट आणि थांबायला तळं दिलं होतं. आपण तळं घेतलं आणि वाटही अरुंद केली.

माथ्यावरून

आता माथ्यावर या. नैर्ऋत्येला हवा स्वच्छ असेल तर सिंहगड दिसतो. उत्तरेला जुनं पुणं, त्यापलीकडे खडकी. टेकडीच्या उतारावर जनता वसाहतीची दाटीवाटीनं उभी घरं आहेत. सकाळी शहरभर कामाला निघणारी माणसं तिथे राहतात. खाली झाडांचा एक हिरवा पट्टा दिसतो, ती सारसबाग आणि पेशवे उद्यान. तळं होतं ते तिथे.

पर्वतीचा इतिहास सांगताना आपण बांधणाऱ्याचं नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवं. पण ही टेकडी आज सगळ्यांची आहे ती केवळ नानासाहेबांनी पायऱ्या बांधल्या म्हणून नाही. राजभोज आणि त्यांचे सोबती त्या पायऱ्यांकडे निघाले आणि मार खाऊनही मागणीवर ठाम राहिले, म्हणूनही आहे. टेकडीवर पेशव्यांचं संग्रहालय आहे, नानासाहेबांचं स्मारक आहे. १३ ऑक्टोबर ही तारीख मात्र रोज पायऱ्या चढणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते.

पुढच्या वेळी वर जाल तेव्हा बरोबरच्या मित्रमैत्रिणींना दोन गोष्टी सांगा. एक, खाली तळं होतं ते कुठे होतं. दोन, या पायऱ्यांवर १९२९मध्ये काय झालं. दोन्ही सांगायला फार वेळ लागत नाही. पंधरा मिनिटांच्या चढणीत सांगून होतं.